बाटलीतल्या गोट्या

गनीभाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नगरला निघाले, तेव्हा त्यांनी बायकोला घराबद्दल, शेळीबद्दल, कोंबड्यांबद्दल एक शब्द सांगितला नाही. मुबारकबीने तो सगळा पसारा आजवर एकटीनेच ओढला होता; तिला काय शिकवायचं? सांगितलं ते एकाच गोष्टीबद्दल, न्हाणीतल्या फळीवरच्या तपकिरी बाटलीबद्दल. झाकण घट्ट राहू दे आणि बाटली गळ्यापर्यंत भरलेली राहू दे, एवढंच. रिक्षात बसल्यावरही त्यांनी मान बाहेर काढून तेच पुन्हा सांगितलं. ही दोघं घरात दखनीत बोलत. आपण ते मराठीत ऐकू.

पुणतांब्यात स्टेशनकडून गावात येताना एक शटर लागतं, त्याच्या मागे एके काळी गनीभाईंचा फोटो स्टुडिओ होता. गावातल्या निम्म्या लग्नांतल्या नवऱ्यामुलांना "हनुवटी जरा वर" असं सांगणारा माणूस तो हाच. मोबाईल आले आणि लोक पायरी चढेनासे झाले. गनीभाईंनी कुरकुर न करता शटर ओढलं, पण हातातलं काम काही सोडलं नाही. पुन्हा रोलवर काळेपांढरे फोटो काढायची हौस लागलेली कोपरगाव-संगमनेरची कॉलेजची पोरं त्यांच्याकडे रोल धुवायला पाठवत. सुट्टीत आळीतली लहान मुलं न्हाणीच्या दाराशी गोळा झाली की गनीभाई त्यांना ती बाटली दाखवत आणि बापाने मुलाची ओळख करून द्यावी तशी तिची ओळख करून देत.

रोलवर चित्र उमटलेलं असतं, पण डोळ्यांना दिसत नाही. ते दिसायला लावणारं जे औषध, तो डेव्हलपर. कुणी तो एकदा वापरून मोरीत ओततात. गनीभाई ओतत नसत. एक रोल धुतला की त्यातलं थोडं जुनं काढून टाकायचं आणि तेवढंच ताजं, जरा कडक औषध घालून बाटली पुन्हा भरायची. त्या ताज्या औषधाला ते भरपाई म्हणत. अशी भरपाई करत गेलं की बाटली वर्षानुवर्षं चालते, आणि जितकी मुरते तितकी रोलावर माया करते, असं त्यांचं म्हणणं. मुबारकबीला हे फार आधीच कळलं होतं. तिच्या दृष्टीने ते विरजणच होतं. काल लावलेल्या दह्यातलं थोडं आजच्या दुधात.

फक्त एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती. या वर्षी भरपाई संपली होती. ती ज्या भुकट्यांची करतात, त्यातली एक पुण्याच्या दुकानदाराकडे येतच नव्हती; पाठवतो, पाठवतो म्हणत त्याने उन्हाळा आणला. शेवटचे रोल धुतल्यावर बाटली भरता आली नाही, ती चांगली पाव हिस्सा रिकामी राहिली. म्हणून नगरला जाण्याआधी गनीभाईंनी मुलाच्या, परवेझच्या, लहानपणीचा एक डबा शोधला आणि त्यातल्या काचेच्या गोट्या स्वच्छ धुऊन एकेक करून बाटलीत सोडल्या. गोट्या खाली बसल्या, औषध वर आलं, गळ्याशी टेकलं. झाकण लावलं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असंच त्यांना वाटलं असणार.

तर गनीभाई नगरला गेले आणि त्यांच्या बदली नात आली. परवेझ नगरच्या नागापूर एमआयडीसीत नोकरीला; त्याची मुलगी अलिझा. आजोबांना मुलाकडे आराम, नातीला आजीकडे सुट्टी. पण पोरीला इथे करमेना. आळीतली मुलं गोट्या खेळत आणि हिच्याकडे गोट्या नव्हत्या. शेजारचा अमीर तिला म्हणाला, शहरातल्यांना नेमच धरता येत नाही, नुसती बघत बस. हे तिच्या मनाला फार लागलं.

एके सकाळी न्हाणीच्या झरोक्यातून ऊन फळीवर पडलं होतं. अलिझाने बाटलीकडे नाक लावून पाहिलं आणि आजीला हाक मारली. तपकिरी काचेच्या तळाशी निळ्या-हिरव्या रेघा चमकत होत्या.

मुबारकबीने कपाळाला हात लावला. परवेझच्या त्या गोट्या तिने लगेच ओळखल्या. बाटली दाखवता दाखवता कुणा कार्ट्याने गंमत म्हणून टाकल्या असणार, आणि यांना दिसलंही नसणार. डोळ्यावर मोतीबिंदूचा पडदा, कसं दिसेल? चांगल्या औषधात ही घाण किती दिवस पडून आहे कोण जाणे. तिने चुलीजवळची बरणी घासून घेतली, तोंडाला मलमल बांधली, सगळं औषध हलकेच गाळून घेतलं आणि पुन्हा बाटलीत भरलं. थेंब सांडू दिला नाही. गोट्या साबणाने धुतल्या आणि अलिझाच्या ओंजळीत ओतल्या.

दुसऱ्या दिवशी नगरहून फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं. परवेझची बायको वेळेवर थेंब घालत होती, डाळीत मीठ कमी होतं. शेवटी गनीभाईंनी विचारलं, बाटली गळ्यापर्यंत आहे ना?

मुबारकबी फोन कानाशी धरूनच न्हाणीत गेली. बाटली गळ्यापर्यंत नव्हती. खांद्याच्याही खालपर्यंत गेली होती. गाळताना सांडलं तर नव्हतं. मग उन्हाळ्याने आटलं असेल. ती फोनवर "हो" म्हणाली आणि ते खोटं ठरू नये म्हणून तिने ताबडतोब पातेलं चढवलं. औषधासाठी गनीभाई बोअरचं पाणी कधी वापरत नसत. त्यात क्षार फार, बादलीच्या कडेला पांढरे थर धरतात. ते तिने हजारदा ऐकलं होतं. म्हणून तिने जारचं पाणी घेतलं, उकळलं, निववलं, गाळलं आणि बाटली गळ्यापर्यंत भरली. झाकण घट्ट लावलं. काम चोख झालं म्हणून तिला त्या दिवशी जरा बरंही वाटलं.

गनीभाई परत आले ते काळा चष्मा लावून. आळीतल्या पोरांनी त्यांना हिरो म्हणून चिडवून घेतलं. ही बातमी दोन गल्ल्या पलीकडे बनुबाईच्या कानावर गेली आणि ती दुसऱ्याच दिवशी दुपारी पदराखाली काहीतरी झाकून आली.

बनुबाई गहिनीनाथाची बायको. गोदावरीकाठी त्यांची जमीन. गहिनीनाथ आणि गनीभाई एका वर्गात शिकलेले, एका बाकावर मार खाल्लेले. मागच्या पावसाळ्यात गहिनीनाथ गेला. आता मुलगा पेटी आवरायला लागला, तर कपड्यांखाली जुना कॅमेरा सापडला आणि कॅमेऱ्यात रोल.

गनीभाईंनी कॅमेरा हातात घेऊन मागची चक्री फिरवून पाहिली. रोल पुरा काढलेला होता, पण कधी धुवायला दिलेला नव्हता.

"मला ठाऊक हाय का दिला न्हाई ते," बनुबाई म्हणाली. "ह्याच्यात माजी आई हाय."

मग तिने सांगितलं ते असं. तिची आई म्हातारपणी त्यांच्याकडेच राहायला होती. फोटो काढला की माणसाचं आयुष्य कमी होतं, अशी तिची पक्की समजूत. जन्मात कधी फोटोला उभी राहिली नाही. जावयाने नवा कॅमेरा आणला आणि एक दिवस ती ओसरीवर शेंगा फोडत बसलेली असताना नकळत बटण दाबलं. म्हातारीने ओरडून घर डोक्यावर घेतलं. मी जिती आहे तोवर तो फोटो धुवायचा नाही, अशी शपथ घातली. गहिनीनाथाने शपथ पाळली. पुढे म्हातारी गेली, तेव्हा दुःखात रोल कुणाला आठवला नाही. आणि नंतर आठवला असेल, तर गहिनीनाथाने तो धुवायचं धाडस केलं नाही.

"दुसरा फोटो न्हाई, गनीभाई. एक बी न्हाई," ती म्हणाली. "तिचा आवाज मला अजून ऐकू येतो. पन तोंड आठवाया गेलं की माज्या मावशीचंच तोंड म्होरं येतंय. लई वंगाळ वाटतं."

गनीभाईंनी काळा चष्मा काढून पुसला. म्हणाले, रोल फार जुना आहे, उन्हाळे खाल्लेला आहे, कितपत येईल ते अल्लालाच ठाऊक. पण आजच लावू. भुकटी नाही, नवं औषध होणार नाही, पण त्याची गरजही नाही. माझी बाटली मुरलेली आहे. अशा दुबळ्या रोलाला तीच हवी. आणि मग, बनुबाईला धीर यावा म्हणून की सवयीने, ते बाटलीचं कौतुक सांगू लागले. औषधाचा वैरी म्हणजे हवा. बाटलीत जेवढी जागा रिकामी, तेवढी हवा आत बसते आणि औषध नासवते. म्हणून यंदा भरपाई नव्हती तेव्हा मी आत गोट्या टाकून ठेवल्या, जागाच ठेवली नाही.

मुबारकबी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने तो खाली ठेवला. कप वाजले, म्हणून बनुबाईने वर पाहिलं.

गनीभाई दुपारच्या, जोहरच्या नमाजला मशिदीत गेले. बनुबाई म्हणाली मी इथेच बसते, घरी जाऊन काय करू. ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली, कॅमेरा मांडीवर धरून.

मुबारकबी मागच्या दाराने बाहेर पडली. तिच्या डोक्यात एकच होतं: नमाजहून यायच्या आत गोट्या बाटलीत गेल्या पाहिजेत. गोट्या जागेवर असल्या की ते बाटली उचलतील, आतल्या गोट्यांचा खुळखुळ ऐकतील आणि कुणाला काही कळणार नाही.

अलिझा चिंचेखाली होती. तिच्याकडे निम्म्याच गोट्या होत्या. उरलेल्या अमीरने जिंकल्या होत्या. नेम धरता येत नाही हे खरं होतं तर. अमीर म्हणाला, जिंकलेला माल परत देत नाहीत. मुबारकबीने त्याला सांगितलं की तुझ्या आईला मी लग्नाआधीपासून ओळखते आणि तुझ्या शाळेतल्या मास्तरांनाही. त्यावर अमीरने खिसे उलटे केले. एक गोटी गटारात गेली होती, ती काही मिळाली नाही. त्याने आपल्याजवळची, तेवढ्याच मापाची दुसरी दिली, तीही स्वतःहून.

न्हाणीत येऊन तिने झाकण काढलं आणि पहिली गोटी आत सोडली. बाटली गळ्यापर्यंत भरलेली. गोटी बुडाली तसं औषध काठावरून ओघळलं आणि तिच्या बोटांवरून फरशीवर पडलं. तिने बोटं पाहिली. जे सांडलं ते तिने घातलेलं पाणी नव्हतं. पाणी आणि औषध आता एकच झालं होतं. ती मनाशी म्हणाली, पाणी घातलेल्या दुधातून पाणी उपसता येतं का कुणाला? गोट्या सगळ्या आत गेल्या तरी आतलं औषध पातळच राहणार. गनीभाई रोल नेहमीच्या वेळेला बाहेर काढतील आणि त्यावर काही नसेल, आणि ते म्हणतील, रोल जुना होता. बनुबाईही तेच म्हणेल. कुणी मुबारकबीला बोल लावणार नाही.

झरोक्यातून तिला ओट्यावरची बनुबाई दिसत होती. ती कॅमेऱ्याच्या काचेवरची धूळ पदराच्या टोकाने पुसत होती; पुसून झालं की पुन्हा पुसत होती.

गनीभाई आले तेव्हा मुबारकबी न्हाणीच्या उंबऱ्यावर बसली होती, ओढणीत गोट्या घेऊन.

"परवेझचे अब्बा," ती म्हणाली, "बाटलीला हात लावू नका. मी तिच्यात पाणी घातलंय."

तिने सगळं सांगितलं. गोट्या काढल्या ते, फोनवर हो म्हटलं ते, आणि आत्ता लपवायचं ठरवलं होतं तेही. गनीभाईंनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ते रागावले असते तर तिला सोसलं असतं. ते नुसते बाटलीकडे बघत राहिले. किती वर्षांची बाटली ती. पहिल्या औषधाचा एखादा थेंब अजून तिच्यात असेल, असं ते मुलांना सांगत.

मग त्यांनी विचारलं, "किती घातलंस?"

"मोजलं नाही."

"मग कठीण आहे. पातळ औषधात चित्र येतं, पण उशिरा येतं. किती पातळ ते कळलं तर किती थांबायचं ते ठरवता येईल. अंदाजाने केलं तर कमी पडेल नाही तर जळेल. आणि रोल एकच आहे."

मुबारकबी खाली मान घालून ओढणीतल्या गोट्या चाचपत होती. मग ती थांबली. पातेल्यात अंडी सोडली की पाणी वर चढतं, ते तिच्या डोळ्यांसमोर आलं.

"तुम्ही गोट्या टाकल्यावर औषध कुठवर आलं?"

"गळ्यापर्यंत."

"आणि मी पाणी घातलं तेही गळ्यापर्यंतच," ती सावकाश म्हणाली. "मग मी पाणी घातलं ते फक्त गोट्यांच्या जागेचं. जेवढ्या गोट्या, तेवढं पाणी."

गनीभाईंनी तिच्याकडे पाहिलं. नव्या डोळ्याने पहिल्यांदाच नीट पाहिल्यासारखं पाहिलं आणि अलिझाला हाक मारून मापाचा ग्लास मागवला.

ग्लासात अर्ध्यापर्यंत पाणी घेतलं. अलिझाने रेघ वाचली. मुबारकबीने गोट्या एकेक करून सोडल्या, बाटलीत गेलेली ती एक लांब चिमट्याने काढून तीही. पाणी चढत गेलं. अलिझाने पुन्हा रेघ वाचली. गनीभाईंनी तिच्याकडूनच वजाबाकी करून घेतली. ती चुकली तेव्हा ओरडले नाहीत, म्हणाले, पुन्हा कर, घाई नाही. गाळताना मलमलीने थोडं औषध प्यायलं असेल, तेही त्यांनी धरलं. बाटलीत पाव हिस्सा पाणी होतं. त्याहून जास्त नाही.

तरी त्यांनी पारख केली. वाटीत थोडं औषध घेतलं आणि एका वाया गेलेल्या रोलाचा तुकडा उजेडातच त्यात सोडला. औषध जिवंत असेल तर तुकडा काळा पडतो. मेलेलं असेल तर तसाच राहतो. चौघं वाटीवर वाकली. बनुबाईही आता आत आली होती. तिला काय झालं ते मुबारकबीनेच सांगितलं, स्वतःच्या तोंडाने. बनुबाई ऐकून घेत राहिली, मग म्हणाली, "तू सांगितलंस न्हवं. बास झालं. बघ आता त्या वाटीत."

तुकडा आधी राखेसारखा झाला. मग करडा. मग हळूहळू, नेहमीपेक्षा सुस्तपणे, तव्यासारखा काळा.

"जिवंत आहे," गनीभाई म्हणाले. "दमलेली आहे, पण जिवंत आहे."

पुढचं काम त्यांनी एकट्याने केलं. काळ्या पिशवीत हात घालून रोल चक्रीवर चढवला, डबीत बंद केला, औषध ओतलं. वेळ नेहमीपेक्षा बराच वाढवला होता. डबी थोड्या थोड्या वेळाने उलटी करायची, पुन्हा सुलटी करायची. बाहेर दोघी बायका शेजारी शेजारी बसल्या. बनुबाईने मुबारकबीचा हात धरला होता की मुबारकबीने तिचा, ते सांगता आलं नसतं. औषध पुन्हा बाटलीत गेलं, मग हायपो आला, ज्याने चित्र पक्कं होतं, मग पाणी. शेवटी गनीभाईंनी ओला रोल उलगडून उजेडाकडे धरला.

बहुतेक रोल धुरकट होता. विहिरीचा काठ असेल असं काहीतरी, बैलाची पाठ, कुणाचे पाय. मग एका चौकोनात ते थांबले. तिथे एक बाई बसली होती, पण सगळं उलटं; लुगडं पांढरं, तोंड काळं. बनुबाईला काही उमजेना. तिचा चेहरा पडू लागला, तेव्हा अलिझाने आजोबांचा मोबाईल घेतला, रोलाच्या मागे पांढरा कागद धरला, फोटो काढला आणि काळ्याचं पांढरं केलं.

मोबाईल बनुबाईच्या हातात दिला.

ओसरी होती. सूप होतं. शेंगांचा ढीग होता. म्हातारीने एका हाताने पदर तोंडावर ओढला होता. नाक, तोंड सगळं झाकलेलं. दिसत होतं कपाळ आणि डोळे. एवढंच. मुबारकबीला वाटलं, एवढं करून तोंड काही मिळालं नाही बिचारीला.

बनुबाई मात्र मोबाईल डोळ्यांशी नेऊन पाहत होती. मग तिने तो लांब धरला. मग पुन्हा जवळ.

"हसतीया," ती म्हणाली.

तिने मोबाईल मुबारकबीपुढे धरला.

"डोळं बगा की. मावशीचं न्हाईत हे, आईचंच. ती हसतीया पदराआड. आमी समदी समजलो, रागावली. आन् ही बया आतल्या आत हसत बसली हुती." तिने डोळे पुसले आणि पुन्हा हसली. "ह्यांना सांगायला पायजे हुतं. जल्मभर ते सासूच्या रागाला भ्याले."

ती तशीच कितीतरी वेळ बसली. गनीभाईंनी रोल दोरीवर चिमट्याने वाळत घातला आणि म्हणाले, वाळला की मोठा फोटो करून देतो, वहिनी, कागदावर. तेवढा कागद माझ्याकडे राखून ठेवलेला आहे.

संध्याकाळी बनुबाई गेल्यावर मुबारकबी न्हाणीत गेली. बाटली फळीवर होती आणि आता पुन्हा खांद्यापर्यंतच भरलेली, कारण गनीभाईंनी रोल धुतल्यावर थोडं जुनं नेहमीसारखं काढून टाकलं होतं. गोट्या ग्लासात तशाच होत्या. पाठीमागून ते म्हणाले, पुण्याहून भुकटी आली की हळूहळू भरपाई घालून तिला पुन्हा ताकदीवर आणू. लागतील थोडे महिने. तोवर तिला हवा लागू द्यायची नाही. हे काम आता तुझं.

मुबारकबीने गोट्या पुसून घेतल्या आणि एकेक करून सोडायला सुरुवात केली. प्रत्येक गोटीला औषध जरासं वर येत होतं. दारात अलिझा उभी होती. ती फक्त मोजत होती, की सगळ्या आत जातात की तिच्यासाठी एखादी उरते.

गळ्याशी औषध टेकलं तेव्हा ग्लासात एक गोटी उरली होती, अमीरने दिलेली. मुबारकबीने ती नातीच्या हातावर ठेवली आणि झाकण घट्ट लावलं.